बसायचा सराव

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव कोणी ठेवलं हे आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं. पायाला भिंगरी लावलेली माणसं पुष्कळ असतात. ही सबंध बाईच भिंगरी होती. बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात दिवसाला साडेसहाशे माणसं तीन पाळ्यांत जेवायची, आणि चाळीस टेबलांच्या मधल्या फटींतून, एका हातात बादली नि दुसऱ्या हातात डाव घेऊन ती अशी फिरायची की नव्या कामगाराला पहिले चार दिवस वाटे, या बायका दोघी आहेत आणि दिसायला सारख्या आहेत. सव्वीस वर्षं ती तिथे वाढपीण होती.

कोणाच्या ताटात काय संपत आलंय हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. चमचा ताटाच्या कडेकडेने फिरायला लागला की भात संपला. माणूस बोलता बोलता गप्प झाला की रस्सा संपला, पण मागायला लाजतोय. तिच्या लक्षात चेहरे राहत नसत, ताटं राहत. एकदा कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी रस्त्यात तिला थांबवून विचारपूस केली, तर ही बावचळून बघत राहिली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो कोबी बाजूला काढणारा भेटला होता. चांगला माणूस आहे."

वाढपिणीने हॉलचे दिवे चालू असेपर्यंत बसायचं नाही, अशी तिथली अट होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. तशी सोयच करून ठेवलेली होती. हॉलमध्ये खुर्च्या जेवणाऱ्यांपुरत्या, आणि मागे भांडी घासायच्या जागेत एकही नाही. वाढपिणींनी आपलं जेवण तिथे उभ्याउभ्याच उरकायचं, ताट कट्ट्यावर आणि कान घंटेकडे. सुरुवातीची वर्षं तिच्या पोटऱ्या ठणकायच्या. मग ठणकायच्या थांबल्या. मग उलटंच झालं, बसलं की ठणकायला लागल्या.

घरी तिचा एकच हट्ट होता. रविवारी दुपारी एक वाजता घरातल्या सगळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवायचं. नवरा तेव्हा लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता, त्याला रविवारी झोप हवी असायची. लेक शाळेत होती, मग कॉलेजात, मग चष्म्याच्या दुकानात नोकरीला. तिला मैत्रिणी असायच्या. पण एक म्हणजे एक. सव्वा झाला तर भिंगरी तोंडाने ब्र काढायची नाही, नुसती भांडी वाजवायची, आणि तिच्या भांडी वाजवण्यात बऱ्याच लोकांच्या शिव्यांपेक्षा जास्त मजकूर असायचा.

हा हट्ट आला कुठून, तेही सांगतो. तिची आई शिवणाच्या कारखान्यात दुपारनंतरच्या पाळीला जायची. मुलं शाळेतून यायची तेव्हा ओट्यावर ताटं झाकून ठेवलेली असत. ज्याला जेव्हा भूक लागेल त्याने आपलं झाकण उचलायचं आणि जेवायचं. बाप आपल्या वेळेला जेवे, भाऊ आपल्या. एकदा भिंगरीला ताप आला आणि आई चार दिवस घरी राहिली. तेव्हा पहिल्यांदा तिला कळलं की आई जेवताना गुणगुणते. आठ वर्षांची होती ती. आपली आई जेवताना गुणगुणते हे आठ वर्षं आपल्याला माहीत नव्हतं, याचा तिला इतका राग आला की तिने तिथेच मनाशी ठरवलं: माझ्या घरात झाकलेलं ताट दिसणार नाही.

आणि दिसलंही नाही. तिने शब्द पाळला. फक्त त्या टेबलाशी ती स्वतः कधी बसली नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, आणि दुसऱ्या कोणाला ती सांगावीशी वाटली नाही. टेबलाला चार खुर्च्या होत्या. चौथीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा आणि नवऱ्याचा स्वेटर. ती स्वयंपाकघर ते टेबल, टेबल ते स्वयंपाकघर अशी चालू असायची. "तू पण बस ना गं," असं पूर्वी कोणीतरी म्हणायचं. "हे काय, आलेच," असं ती म्हणायची. पुढे ते म्हणणंही बंद पडलं.

गेले पाच महिने लेक जेवायला आली नव्हती.

लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, घर चार बसथांब्यांवर, आणि त्याआधी तिने मोजून दोन रविवार चुकवले असतील. आता मात्र दर शनिवारी फोन यायचा. या रविवारी नाही जमत गं, डोकं दुखतंय. या रविवारी दुकानात माल मोजायचाय. या रविवारी ह्यांना ड्युटी आहे आणि मला कंटाळा आलाय. भिंगरी "बरं बरं" म्हणायची, फोन ठेवायची आणि घरातली धुतलेली भांडी परत धुवायला घ्यायची.  आपण काय बोललो? काहीच नाही. आपण काय केलं? रोजच्यासारखंच. तिला शेवटचा रविवार नीट आठवत होता, म्हणजे बटाट्यात मीठ कमी पडलं होतं हे आठवत होतं. लेक एकटीच आली होती. चेहरा उतरलेला होता. भिंगरीने तिला आग्रह करकरून वाढलं होतं. मीठ कमी पडलं म्हणून कोणी पाच महिने रुसतं का?

मग एका मंगळवारी कँटीनमधली भांडी वर न्यायची छोटी लिफ्ट अडकली, आणि दुरुस्तीला आला तो तिचा जावई. लिफ्टच्या कंपनीत तो मेकॅनिक होता. ह्या भागातलं काम एरवी दुसऱ्याकडे असे. भिंगरीला एवढा आनंद झाला की तिने आधी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि मग विचारलं, "कसे आहात जावईबापू?"

तो लिफ्टच्या खोबणीत डोकं घालून काम करत होता. डोकं बाहेर काढलं, हात पुसले, ताटाकडे बघितलं, पण ताटाला हात लावला नाही.

"आई, एक सांगायचं होतं. माझी बदली झालीय. इथून अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे. महिनाअखेर निघायचंय."

"म्हणजे तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"आणि ती मला बोललीसुद्धा नाही?"

जावई पाना या हातातून त्या हातात घेत राहिला. स्वभावाने मवाळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवशी त्याचाही बांध फुटला असावा. "आई, राग मानू नका. ती म्हणते, सांगून काय उपयोग? त्या वेळी एवढं मोठं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, भात घे अजून."

"कोणत्या वेळी? काय सांगितलं?"

आता जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्याकडे बघून त्याला कळलं की या बाईला खरोखर काही माहीत नाही. मागे मोरीत भांड्यांचा खणखणाट चालला होता, पहिल्या पाळीची माणसं हात धुवायला येत होती, आणि त्या सगळ्या गलबल्यात, पाना हातात धरून, त्याने ते सांगितलं. लेकीला दिवस गेले होते. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. आणि मग सांगायसारखं काही उरलंच नाही. शुक्रवारी दवाखान्यात सगळं झालं. रविवारी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून ती एकटीच आईकडे गेली होती. आईला सांगायला.

भिंगरीने त्याच्यापुढचं ताट उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. आणि मग, इतक्या महिन्यांनी, मिठाच्या पलीकडचं तिला आठवलं. लेक म्हणाली होती, आई, ऐक ना, थोडं बस, एक सांगायचंय. रस्सा संपत आला होता. ती भांडं उचलून आत जात म्हणाली होती, "बोल, बोल, ऐकतेय मी." आत धूर ओढणारा पंखा घरघरत होता. ती रस्सा आणि गरम भात घेऊन बाहेर आली तेव्हा लेक गप्प बसली होती, आणि हिने म्हटलं होतं, "चेहरा किती उतरलाय तुझा. भात घे अजून."

"मी तिला आणतो," जावई म्हणाला. "जायच्या आधीच्या रविवारी. एकदा तरी आणतोच. पण आई, ती म्हणते, तिथे जेवायला जाणं म्हणजे हॉटेलात जाण्यासारखं आहे. वाढायला माणूस असतं, बोलायला नसतं." एवढं बोलून तो स्वतःच घाबरला आणि पुन्हा खोबणीत डोकं घालून बसला.

घरी नवऱ्याला सांगायचं म्हणजे वेगळंच संकट. तीस वर्षं करवतीच्या आवाजात काढल्यामुळे त्याला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, आणि भिंती अशा की इकडे शिंक आली तर शेजारची म्हातारी तिकडून काळजी घ्यायला सांगे. ही गोष्ट काही ओरडून सांगायची नव्हती. म्हणून भिंगरीने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि त्याच्यापुढे सरकवल्या. त्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचलं.

"मी तिथेच होतो ना त्या दिवशी?" तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होती. तू आत होतीस. मला वाटलं, पगारवाढीचं सांगतेय." तो थांबला. "मी म्हटलं, छान, छान."

तिने तो कागद घडी घालून ठेवून दिला. पण संध्याकाळभर, चपला लावताना, रेडिओ लावताना, तो मधेच पुटपुटायचा, "छान म्हटलं मी. छान म्हटलं." शेवटी तिने त्याच्या हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिने साबणमावशीला गाठलं. साबणमावशी म्हणजे भांडी घासणाऱ्या बायकांची मुकादम. बोटं कायम सुरकुतलेली आणि जीभ अजिबात न सुरकुतलेली. भिंगरीने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला बसायला शिकव."

"बसायला?"

"एक जेवण. मध्ये न उठता."

"मग त्यात काय एवढं? माणसं जन्मभर बसतात. आपला सुपरवायझर बघ."

पण साबणमावशी मनाची चांगली होती. दुसरी आणि तिसरी पाळी यांच्यामध्ये अर्धा तास मिळायचा. तेवढ्या वेळात ती भिंगरीला कोठीच्या खोलीत न्यायची, बटाट्याचं रिकामं खोकं उलटं करून तिला त्यावर बसवायची, आणि समोर दुसऱ्या खोक्यावर स्वतः बसून आपल्या संसाराच्या कटकटी सांगायला लागायची. भिंगरीने ऐकायचं. उठायचं नाही. हा सराव.

पहिल्या दिवशी ती दीड मिनिट बसली. मग तिला दिसलं की कोपऱ्यातली पोती नीट रचलेली नाहीत.

"तुझ्या बुडाला काय मुंग्या चावतात का गं?" साबणमावशी ओरडली. "मी तुला सांगतेय, माझी सून मला काय बोलली, आणि तू पोती लावतेस?"

"ऐकतेय मी. बोल ना."

"हेच! हेच ते! हेच म्हणालीस ना त्या पोरीला?"

भिंगरी मुकाट्याने येऊन खोक्यावर बसली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. मांडीवर ठेवले तर बोटं पदराला पीळ घालायला लागली. खोक्याच्या कडेला धरले तर लाकडाची कुसळं उपटायला लागली. अखेर तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. पाय मात्र आपले चालूच होते, टाच खाली, टाच वर, जसा काही कोणी खालून शिवणयंत्र फिरवत होतं. दहाव्या दिवशी ती अकरा मिनिटं बसली. तेराव्या दिवशी साबणमावशीच्या सुनेची गोष्ट इतकी रंगली की भिंगरी वीस मिनिटं बसून राहिली, आणि वर विचारलं, "मग? मग काय म्हणाली ती?" साबणमावशी गप्पच झाली. तिचं बोलणं आजवर कोणी इतका वेळ ऐकलं नव्हतं. पुढचे दोन दिवस सराव कोणाचा चाललाय हेच कळेना.

घरचा सराव त्यापेक्षा अवघड. तिथे तिच्या हातांना सगळ्या जागा पाठ होत्या. एका दुपारी तिने वर्तमानपत्रांचा गठ्ठा नि स्वेटर उचलला, चौथी खुर्ची पुसली आणि नवऱ्यासमोर ताट घेऊन बसली. नवऱ्याने घास तोंडाकडे नेता नेता खाली ठेवला.

"काय झालं? बरं नाहीये का तुला?"

"बरंय."

"मग?"

"मग काय? बसले."

त्याने हात लांब करून तिच्या कपाळाला लावून बघितला. ताप नव्हता. मग तो भराभरा जेवायला लागला, एखाद्या परक्या बाईसमोर जेवावं तसा. त्या जेवणात ती पाच वेळा उठली: मीठ, पाणी, मोठा चमचा, दार वाजलं असं वाटलं म्हणून, आणि पाचव्यांदा कशाला ते तिलाही माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या मधोमध ती नुसती उभी राहिली, हात पुढे केलेले. आपण कशाला आलो ते आठवेना. तिथे उभी असताना तिला आपलीच भीती वाटली. हे शरीर आपलं ऐकत नाही. त्या दिवशी ऐन वेळी हे उठून उभं राहिलं तर? लेक निघून जाणार, मग वर्षातून एकदा येणार, पाहुण्यासारखी, आणि ती गोष्ट दोघींच्या मध्ये तशीच पडून राहणार. 

तो रविवार उजाडला. भिंगरी पहाटेपासून कामाला लागली होती. तिने मनाशी आखणी केली होती: उठायला कारणच ठेवायचं नाही. मीठ टेबलावर. पाण्याचे दोन जग टेबलावर. चमचे जास्तीचे सहा. भात, रस्सा, कोबी, उकडलेली अंडी, लोणी, पाव, सगळं हाताच्या अंतरावर. टेबलावर ताटांना जागा राहिली नाही तेव्हा नवऱ्याने स्टूल आणून जोडलं.

एकला पाच मिनिटं कमी असताना ती दोघं आली. लेक बारीक झाली होती. केस कापून मानेपर्यंत आणले होते. हे कधी केलं, भिंगरीला माहीत नव्हतं. "छान दिसतात" असं ती म्हणणार होती, पण छान हा शब्द त्या घरात आता कोणाच्याच तोंडून निघत नव्हता. लेक आपल्या नेहमीच्या जागी बसली. जावई बसला. नवरा बसला. भिंगरीने पहिल्या पातेल्याचं झाकण उघडून भात मोठ्या भांड्यात काढला, आत जाऊन रिकामं पातेलं ठेवून आली, पदराला हात पुसले आणि चौथ्या खुर्चीवर बसली.

लेकीने वर बघितलं. "तू बसलीस?"

"हो."

"बरं नाहीये का तुला?"

"सगळे हेच का विचारतात?" भिंगरी म्हणाली, आणि जावयाला हसू आवरेना. बिचारा इतका धास्तावलेला होता की तेवढ्या हसण्यावर त्याने लिफ्टच्या गोष्टी काढल्या. कुठे कोण कसं अडकलं, नव्या गावात लिफ्टा किती जुन्या आहेत, एक तर अशी आहे की चौथ्या मजल्यावर थांबतच नाही. नवरा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. लेक जेवत होती, खाली बघून, घास मोजल्यासारखे.

आणि भिंगरी बसली होती. काय सांगू तिची अवस्था! लेकीच्या ताटातला भात संपत आला, चमचा कडेकडेने फिरायला लागला, आणि भिंगरीचा हात डावाकडे निघाला. तिने तो अर्ध्या वाटेतून परत आणला. जावयाच्या ग्लासात पाणी नव्हतं. असू दे. त्याला हात आहेत. नवऱ्याने लोणी तिसऱ्यांदा घेतलं, डॉक्टरांनी नको म्हटलेलं. घेऊ दे. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. आता तिला जेवता येत नव्हतं, पण बसता येत होतं.

जावयाच्या गोष्टी संपल्या.  आता नाही तर कधीच नाही.

"त्या दिवशी तू मला काहीतरी सांगत होतीस," भिंगरी म्हणाली.  "मी आत होते. मला ऐकू आलं नाही. खरंच नाही आलं. आता सांग."

लेकीचा चमचा थांबला. तिने आपल्या नवऱ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस?"

"हो," जावई म्हणाला, आणि ताटात बघायला लागला.

"झालं ते आई. पाच महिने झाले. आता कशाला?"

"मला ऐकायचंय."

"ऐकून काय होणारेय?"

 आणि त्याच वेळी वास आला.

आधी तिलाच आला, अर्थात. कँटीनमध्ये एक रीत आहे: पहिलं पातेलं उघडलं की दुसरं लगेच चढवायचं, नाहीतर पाळी उपाशी राहते. मघाशी आत गेली तेव्हा तिच्या हातांनी तिला न विचारता धुतलेल्या तांदळाचं दुसरं पातेलं गॅसवर ठेवलं होतं. चार माणसांसाठी. टेबलावर भांडं भरून भात असताना. तीन आठवडे तिने सराव केला बसायचा; हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तो वास लेकीलाही आला. "आई, काहीतरी करपतंय." असं म्हणेपर्यंत ती अर्धी उठलीसुद्धा होती. पोटऱ्यांनी खुर्ची मागे ढकललेली, एक हात कमरेशी पुसत, डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. भिंगरीने ते बघितलं. हे आपण हिला शिकवलं. बोलणं नाही शिकवलं, हे शिकवलं.

तिने लेकीचं मनगट धरलं. "बस."

"अगं भात—"

"करपू दे. बस तू."

"करपतंय!" आता नवऱ्यानेही जाहीर केलं. कान गेले होते, नाक शाबूत होतं. त्याने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा लेकीच्या मनगटाकडे, आणि काय समजायचं ते समजून तो स्वतः उठला. त्या टेबलावरून जेवणाच्या मध्ये तो आजवर उठला नव्हता. त्याच्यामागोमाग जावई. आतून आवाज आले, "कोणतं बटण?" "हे नव्हे बाबा, ते डावीकडचं!" "काय?" "डावीकडचं!" काहीतरी खाली पडलं. पंखा सुरू झाला. मग कोणीतरी आतून दार लोटून घेतलं.

लेक बसली. मनगट सोडवून घेतलं नाही.

"तुला वाटतं, तू उठून गेलीस म्हणून मी येत नव्हते?" ती म्हणाली.

"मग?"

"तू उठलीस त्याचं नाही गं काही. तू कायमच उठतेस." तिने ओठ चावले. "तू भात घेऊन आलीस. घे म्हणालीस. आणि मी घेतला. बाबा छान छान म्हणत होते, त्यांच्याकडे बघून मी हसले. आणि जेवले. सगळं संपवलं, आई. चाटूनपुसून. दोन दिवस झाले होते फक्त. घरी गेल्यावर मला स्वतःची एवढी शिसारी आली. दोनच दिवसांत मी पोटभर जेवून आले आणि कोणाला काही कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, या टेबलाशी परत बसले तर मी परत तेच करीन. तू वाढशील आणि मी जेवीन, आणि ते काही झालंच नव्हतं असं होईल."

भिंगरीच्या तोंडात कितीतरी वाक्यं आली. अंगात रक्त भरायला हवं तुझ्या. पाणी पी आधी. अंडं तरी घे. सगळी एकाच जातीची वाक्यं, सव्वीस वर्षांच्या सवयीची. ती तिने एकेक करून गिळली. पाय टेबलाखाली चालूच होते, टाच वर, टाच खाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तो लेकीच्या मनगटावर होता. मग तिला एक प्रश्न सापडला.

"दुखलं का गं फार?"

लेकीने तिच्याकडे बघितलं. हे तिला अजून कोणीच विचारलं नव्हतं; डॉक्टरांनी नाही, नवऱ्याने भीतीपोटी नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखलं, आई." आणि तिने शुक्रवारच्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.